लाल गाडीची अमानत

गाडीत टेप बसवून झाला की उस्ताद आधी थैली पुढे करायचे. बटण त्यानंतर.

गिऱ्हाईक अधीर असायचं. समोर नवा टेप, वरची कागदी फीतसुद्धा अजून काढलेली नाही. हात आपोआप तिकडे जायचा. उस्ताद तो हात मनगटाशी धरून थांबवायचे आणि दुसऱ्या हाताने रेक्झिनची एक लहान थैली गिऱ्हाइकाच्या मांडीवर ठेवायचे. "ही तुमची अमानत. आधी ही घ्या. गाडीत ठिवा, घरात न्हाई." थैलीत गाडीतून निघालेलं सगळं असायचं. जुनी पट्टी, क्लिपा, स्क्रू, स्पीकरची जाळी, कंपनीच्या वायरीचं टोपण. थैली मांडीवर आली की मनगट सुटायचं.

केज, धारूर, माजलगाव या भागात ज्यांनी जुन्या गाड्या वापरल्या आहेत, त्यांच्यापैकी अनेकांच्या डिकीत अशी थैली अजून पडलेली असेल. तुमच्या गाडीत असेल तर एकदा उघडून पाहा. आतला एकही स्क्रू गंजलेला नसेल. उस्ताद त्यांना शिवणयंत्राचं तेल लावून ठेवायचे.

त्यांचं नाव इथे देत नाही. गावात त्यांना नावाने हाक मारणारं तसंही फारसं कुणी नव्हतं. सगळे उस्ताद म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडायचं. त्यांचं दुकान केजमधून बीडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका जुन्या गोदामाच्या दगडी भिंतीला टेकून पत्र्यांनी उभं केलेलं. काम सगळं बाहेर, कडुलिंबाच्या सावलीत. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. तहसील कार्यालयातून निघालो की उस्तादांच्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसायचो. शेजारी चहाची टपरी होती. तालुक्यातल्या निम्म्या बातम्या त्या बाकड्यावर आपल्या पायांनी चालत यायच्या.

थैलीचं कारण मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. धंद्यातलं गुपित असेल, असं वाटलं होतं. तसं काही नव्हतं.

"मानूस गाडी इकायला काडतो ना," उस्ताद म्हणाले, "तवा आधी काय करतो? टेप काडून घेतो. गाडी जाती, टेप ऱ्हातो. जीपमधला टेप ट्रॅक्टरमधी जातो, ट्रॅक्टरमधला पोराच्या गाडीत. मंग जिच्यातनं काडला ती गाडी काय उघड्या तोंडानं फिरवायची? बसवायला कोनी बी बसवतंय. काडनाऱ्याचा इचार करा."

हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्यासमोर कितीदा म्हटलं असेल, सांगता येणार नाही. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचे. दुसऱ्या कुणी केलेलं जोडकाम उघडलं की म्हणायचे. एकदा गल्लीतल्या एका लग्नात मंडप ठोकणाऱ्या माणसाला म्हणाले, आणि तो हातोडा घेऊन त्यांच्याकडे बघतच राहिला.

नम्र वगैरे ते मुळीच नव्हते. कामाला पांढरा शर्ट घालून यायचे, इस्त्रीचा. दाराच्या पोकळीत खांद्यापर्यंत हात घालायचे आणि बाहेर काढला की बाही पांढरीच. कुणी कौतुक केलं तर म्हणायचे, "मळ गाडीत असतो. माझ्याकडं कावून येईल?" दाढीला मेंदी लावायचे आणि ती कमी-जास्त झाली तर दिवसभर चिडलेले असायचे.

त्यांना गाडी चालवता येत नव्हती. गाड्यांमध्ये सगळी हयात गेली, पण चालवायच्या बाजूला ते कधी बसलेले मी पाहिले नाहीत. ऊन सरकलं की गिऱ्हाइकालाच गाडी सावलीत घ्यायला लावायचे आणि स्वतः मागून धक्का द्यायला उभे राहायचे, इंजिन चालू असलं तरी.

"उस्ताद, शिकून का घेत नाही?" मी एकदा म्हणालो.

"मी टेपचा मानूस हाय, गाडीचा न्हाई."

गाण्याचंही तसंच. गाडीचा आवाज तपासायला इतर दुकानदार धडधडणारी गाणी लावतात. उस्ताद रेडिओवरच्या बातम्या लावायचे. "गानं लबाड असतंय. फाटक्या स्पीकरवर बी गोड लागतं. बातम्या लावा. बाई काय सांगायली ते शब्दाला शब्द कळलं पायजे." मग डोळे मिटून हवामान, धरणातलं पाणी, बाजारभाव असं सगळं ऐकायचे. कापसाचा भाव नीट ऐकू आला की काम पास. एवढ्या लक्षपूर्वक बातम्या ऐकणारा माणूस मला आमच्या व्यवसायातही भेटलेला नाही. त्यांना बातमीत काहीच रस नव्हता, ही गोष्ट वेगळी.

निवडणुकीत त्यांच्याकडे गर्दी व्हायची. प्रचाराच्या जीपगाड्यांवर कर्णे चढवायचे आणि निकालानंतर उतरवायचे. निकालाच्या दिवशी त्यांचा एक नियम होता. पडलेल्याचे कर्णे आधी उतरवायचे. जिंकलेल्याला मिरवणुकीसाठी ते हवेच असतात. पडलेल्याला घरी जायचं असतं. एका वर्षी पडलेला उमेदवार स्वतः गाडी घेऊन आला, मान खाली घालून बाकड्यावर बसला. उस्तादांनी कर्णे उतरवले, टपावरची भोकं रबराच्या बुचांनी बंद केली, थैली त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "पुढल्या येळेला हीच भोकं वापरू. नवी पाडायची न्हाईत." त्या दिवशी तो माणूस पहिल्यांदा हसला. तो पुढच्या वेळेलाही पडला. भोकं मात्र तीच वापरली.

माझ्या गाडीचा प्रसंग सांगतो, म्हणजे त्यांच्याविषयी गैरसमज होणार नाही. मी एक वापरलेली गाडी घेतली आणि टेप बसवायला त्यांच्याकडे आणली. त्यांनी दाराचा आतला पुठ्ठा काढला. आत वायरींचा गुंता, आणि जोडांवर चक्क जखमेला लावायची चिकटपट्टी.

"कुन्या गाढवानं केलंय हे?" उस्ताद ओरडले. मग त्या गाढवाचं घराणं, त्याचा उस्ताद, त्याला धंद्यात आणणारा माणूस, असा सगळ्यांचा एकेक करून उद्धार केला. टपरीवरचे लोक चहा घेऊन ऐकायला जवळ आले. तेवढ्यात मागच्या सीटखालून मी एक थैली काढली. रेक्झिनची. तीच शिवण, तेच काठ. गाडी पूर्वी त्यांच्याच हाताखालून गेली होती.

उस्तादांनी थैली उलटसुलट करून पाहिली. चहावाला म्हणाला, "उस्ताद, गाढव सापडलं का?"

"तवा मी लहान होतो," उस्ताद म्हणाले.

"किती लहान?"

"तू चहा आन."

तर असे उस्ताद. आता लाल गाडीकडे येतो.

दिंद्रुडकडच्या एका बागायतदार घराण्यातला धाकटा मुलगा, ज्याला सगळे दादा म्हणायचे, त्याने पुण्याहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. परदेशी बनावटीची, दोनच माणसांची, कापडी टपाची, बोनेट लांब आणि पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. आपल्याकडच्या रस्त्यांवर किती गतिरोधक आहेत, हे त्या गाडीने तालुक्याला नव्याने दाखवून दिलं. प्रत्येक उंचवट्यापाशी दादा खाली उतरायचा आणि आसपासचे लोक गाडी उचलून पलीकडे ठेवायचे. ती केजमध्ये आली त्या दिवशी चहावाल्याने किटली खाली ठेवली आणि विचारलं, "दादा, ही गाडी हाय का घोरपड?"

दादा बरोबर आपल्या मित्राला आणि एक मोठं खोकं घेऊन आला होता. खोक्यात स्क्रीन होती. फोन चालतो, नकाशा दिसतो, सिनेमा दिसतो, असली. डिकीत ठेवायला स्पीकरची पेटीही आणली होती.

उस्तादांनी आधी गाडी पाहिली. दोन्ही दारं बोटाच्या पेराने वाजवली. चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून वरच्या उशीला डोकं टेकवलं आणि एकदम सरळ झाले. उशी चाचपून पाहिली. आत स्पीकर होते, लहानसे, कानाच्या अगदी मागे.

"ह्ये बघा," ते मला म्हणाले. "ही गाडी कानात बोलती. बाहेरच्याला सांगत न्हाई." असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर क्वचित दिसायचा.

मग खोकं उघडलं. टेपची मूळ जागा एका लांबट पट्टीएवढी होती, जुन्या गाड्यांना असते तशी. स्क्रीन तिच्या दुप्पट उंच. सगळा डॅशबोर्ड एकाच वळणाचा, अखंड, कुठेही जोड नाही.

"दादा, ही न्हाई बसत. खिडकी लहान हाय, तुमी दरवाजा आनलाय."

"मंग कापा की."

"कापत न्हाई मी."

"कावून?"

"स्क्रू काडला तर परत पिळता येतो. कापलेलं परत कसं पिळायचं? ह्या मापाचा लहान टेप आना, फोन बी चालतो त्याच्यावर. बसवून देतो आत्ता."

दादा वाईट माणूस नव्हता. त्याने समजावलं, हसला, चहा मागवला. पण स्क्रीन त्याला हवी होती. ती बाहेरून दिसते. लहान टेप दिसत नाही. शेवटी मित्र कंटाळला.

"चल बे दादा. प्लास्टिकसाठी कुठं बसतो ह्येंच्या पाया पडत? अंबाजोगाईला नेऊ. तिथं ग्राइंडर लावतेत. चहा होईस्तोवर काम."

ग्राइंडर हा शब्द ऐकून उस्तादांनी डॅशबोर्डवर हात ठेवला. मग म्हणाले, "थांबा. मीच कापतो."

दादाला आनंद झाला. मला आश्चर्य वाटलं. हत्यारं घ्यायला ते दुकानात आले तेव्हा मी विचारलं. त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, "ह्यो नेनारच हाय. तिकडं ग्राइंडर लावला तर भुसा निघंल. मी कापलं तर तुकडा तरी निघंल."

त्यांनी करवतीचं बारीक पातं घेतलं, मोडून आखूड केलं, एका टोकाला चिंधी गुंडाळली. शिंप्याच्या खडूने रेघ आखली. दुपारच्या नमाजाहून आल्यावर बसले ते असरची, म्हणजे उतरत्या दुपारची, अजान होईपर्यंत कापत होते. दादा आणि मित्र जाऊन जेवून आले. मी एक मोर्चा पाहून आलो. उस्ताद त्याच जागी, तसेच कलते. प्लास्टिक तापू नये म्हणून मधूनमधून थांबून फुंकर घालायचे.

तुकडा अखंड निघाला. तळहाताहून थोडा मोठा, एका बाजूने गाडीच्या वळणाचा. उस्तादांनी त्याची कड डोळ्यापुढे धरून पाहिली आणि तो शर्टाच्या टोकाने पुसला. पांढऱ्या शर्टावर काळी रेघ उठली. ती त्यांनी पाहिली की नाही, मला ठाऊक नाही.

नेहमीची थैली त्याला पुरणार नव्हती. उस्तादांचं घर मागच्याच गल्लीत होतं. निरोप गेला आणि भाभी स्वतः नवी थैली शिवून घेऊन आल्या. लाल रेक्झिनची, एका सीट कव्हरमधून उरलेल्या तुकड्याची. नवऱ्याचा शर्ट पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "ये क्या किया?" उस्ताद म्हणाले, "काम."

पुढचं काम भराभर झालं. स्क्रीन बसली, डिकीतली पेटी जोडली. उशांमधले जुने स्पीकर उस्तादांनी तसेच ठेवले, त्यांच्या वायरींना टोपण घालून. संध्याकाळचा बाजार फुटला होता. गाडीभोवती गर्दी जमली. उस्ताद थैली आणायला वळले.

गाडीचा कापडी टप दुमडून मागे टाकलेला होता. दादाने बाहेरूनच हात आत घातला आणि बटण दाबलं.

त्यानंतर काय झालं याची तुम्ही कल्पना करू शकता. आपल्याकडे मोठा आवाज झाला की लोक थांबत नाहीत, नाचतात. दादाला कुणीतरी उचलून गाडीत बसवलं. मित्र दुसऱ्या बाजूने उडी मारून बसला. पोरांनी गाडी उचलून गटारावरून रस्त्यावर ठेवली आणि ती निघालीसुद्धा. उस्ताद थैली घेऊन आले तेव्हा मनगट धरायला त्यांनी हात पुढे केलेला होता. समोर मनगट नव्हतं.

"द्यायची ऱ्हायली," ते म्हणाले.

लोकांना ही गोष्ट फार मोठी वाटली नाही. मलाही नाही. दादाला फोन केला की झालं. उस्तादांनी केला. पलीकडून हसण्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. "अवो उस्ताद, टाकून द्या की! कापलेलं काय करायचं?"

उस्तादांनी थैली खिळ्याला टांगली, दुकानात शिरताना डोक्याला लागेल अशी. दादा परत कधीतरी येईल, असं त्यांनी गृहीत धरलं. तो आला नाही. मग एका बाजाराच्या दिवशी ते दुकान बंद करून एसटीने दिंद्रुडला गेले. थैली मांडीवर घेऊन गेले आणि मांडीवर घेऊन परत आले.

गाडी विकली होती. गतिरोधकांनी दादाला हरवलं होतं. संभाजीनगरच्या एका दलालाने नेली, म्हणाले.

"अन् स्क्रीन?" मी विचारलं.

"काडून घेतली. जीपमधी लावलीय." अंदाज खरा ठरल्याचं समाधान त्यांच्या बोलण्यात नव्हतं. बाकड्यावर बसून त्यांनी थैली गुडघ्यावर ठेवली. "म्हंजी आता बघा. गाडीला भोक हाय, अन् झाकन माझ्याकडं हाय."

त्यांना काय टोचत होतं, ते त्या वाक्यात सगळं आलं. इतकी वर्षं त्यांनी प्रत्येक गाडीतून काढलेलं प्रत्येक गाडीला परत दिलं होतं. एकच गाडी कापली, आणि नेमकी तीच रिकाम्या हाताने गेली. ती कुठेतरी फिरते आहे, कुणीतरी ते भोक पाहतं आहे आणि कापणाऱ्याला शिव्या देतं आहे, हे त्यांना दिसत असावं. कारण तशा जागी आपण काय बोलतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ते संभाजीनगरलाही जाऊन आले. दलालाने गाडी पुढे विकली होती. कुणाला, हे सांगायला त्याला वेळ नव्हता. मग उस्तादांनी परगावच्या गिऱ्हाइकांना विचारायला सुरुवात केली. ट्रकवाले, पिकअपवाले, वऱ्हाड घेऊन आलेले. "लाल, दोन दाराची, बुटकी. दिसली का कुठं?" ऊस वाहतुकीचा हंगाम लागायच्या आधी ट्रॅक्टरवाले टेप बसवायला रांग लावायचे, ते पुढे सांगली-कोल्हापूरपर्यंत जाणार. उस्ताद प्रत्येकाला थैली दाखवायचे. ट्रॅक्टरवाले आपसात म्हणायचे, "उस्तादांची नवरी पळालीय, लाल साडीतली." उस्ताद ऐकायचे आणि त्यांच्या टेपचा आवाज कमी ठेवून द्यायचे.

एके दिवशी मला म्हणाले, "ओ पेपरवाले, बातमी द्या की."

मी चार ओळी लिहून पाठवल्या. केज येथील कारागिराकडे लाल रंगाच्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डचा तुकडा सुरक्षित असून मालकाने संपर्क साधावा. संध्याकाळी मुख्य कार्यालयातून उपसंपादकाचा फोन आला. हे विनोदी सदरासाठी आहे का, असं त्याने विचारलं. नाही म्हणालो. ओळी छापून आल्या नाहीत.

"जागा नव्हती," मी उस्तादांना सांगितलं.

"म्हंजी तुमी बी कापता."

"हो."

"तुकडा ठिवता का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली, चुकारपणा करणाऱ्या दुसऱ्या कारागिराकडे पाहावं तशी.

त्यानंतर एका निवांत दुपारी ते थैली उघडून बसलेले दिसले. तुकड्याच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या बारीक जिभा बसवत होते, स्प्रिंगसारख्या दबणाऱ्या. "डिंक न्हाई, स्क्रू न्हाई," त्यांनी दाखवलं. "जागेवर ठिवून दाबायचा. ज्याच्याकडं गाडी हाय त्याला उस्ताद मिळंलच असं न्हाई."

स्क्रीनची कामं त्यांनी नंतर घेतली नाहीत. नव्या गाड्यांना कंपनीकडूनच स्क्रीन यायला लागल्या होत्या. जुन्यांसाठी काच आणि लाल-निळ्या दिव्यांची दुकानं निघाली होती. उस्तादांकडे ट्रॅक्टर उरले. पुढे रस्ता रुंद करायचं ठरलं आणि कडेच्या दुकानांना जागा सोडायला सांगितलं गेलं. बरेच जण पाडणारं यंत्र येईपर्यंत थांबले. उस्ताद थांबले नाहीत. त्यांची मुलगी परभणीला दिली होती. तिकडे जायचं ठरलं.

दुकान काढताना मी तिथे होतो. त्यांनी पत्रे उतरवले, एकावर एक रचले. दगडी भिंतीतला प्रत्येक खिळा पकडीने ओढून काढला आणि त्या जागी चुना भरला, अंगठ्याने दाबून. कडुलिंबाच्या बुंध्याला बल्बसाठी गुंडाळलेली तार सोडली. बाकड्याचे पाय जमिनीत रुतले होते. ते उपटले आणि खड्डे बुजवून वर पाय दिला. चहावाला म्हणाला, "उस्ताद, हे सगळं पाडनारच हायेत की. कावून जीव काडता?"

"पाडू दे. माझं काडून झालं."

निघताना त्यांनी लाल थैली माझ्या मांडीवर ठेवली. मी गाडीत बसलो होतो, निघायच्या तयारीत. "तुमी हिंडता. गाडीत ठिवा, घरात न्हाई."

"सापडली नाही तर?"

"दोन दाराची लाल गाडी हाय साहेब, सुई न्हाई."

परभणीला गेल्यावर त्यांचे एक-दोन फोन आले. विचारपूस थैलीचीच. नंतर आले नाहीत. ते वारल्याचं मला चहावाल्याकडून कळलं, तेही दफन होऊन गेल्यावर. मी केजला त्या जागी गेलो होतो. रस्ता रुंद झाला होता. भिंत पाडायची राहिली होती, पण इथे एक दुकान होतं हे नव्या माणसाला सांगूनही पटलं नसतं. एकही खूण नव्हती. त्यांचं काम होतंच तसं.

मी तोवर बीडच्या कार्यालयात आलो होतो. श्रावणात कपिलधारला दर्शनाची आणि धबधब्याची गर्दी असते, तेव्हा आमचा छायाचित्रकार तिथे असतो. त्याचा फोन आला. "रस्ता जाम झालाय. एक बुटकी लाल गाडी उंचवट्यावर अडकलीय, लोक उचलायलेत. फोटो भारी येतोय. येताव का?"

मी गेलो.

गाडी तीच होती. रंग थोडा उडालेला. जालन्याकडचे तरुण नवरा-बायको होते. त्याला जुन्या गाड्यांची हौस, तिला त्या हौशीची सवय झालेली. लोकांनी गाडी उचलून रस्त्याकडेला ठेवली होती आणि दोघं घाम पुसत आत बसले होते. मी वाकून पाहिलं. डॅशबोर्डच्या मधोमध पुठ्ठा लावला होता, निळ्या चिकटपट्टीने. पुठ्ठ्याच्या फटीतून उशांमधल्या स्पीकरच्या वायरी बाहेर आल्या होत्या आणि त्यांना जोडलेला एक लहान टेप बाईंच्या मांडीवर होता. मूळ मापाचा.

"हा बसवत का नाही?" मी विचारलं.

"बसवू कशात?" तो म्हणाला. "जागाच मोठी करून ठेवलीय. कुण्या गाढवानं कापलंय कोण जाणे. असा डॅशबोर्ड आता कुठं मिळत नाही. ही बिचारी मांडीवर घेऊन फिरते."

"देवाला पण असंच नेलंय ह्याला," बाई म्हणाल्या. "पोरगं असल्यासारखं."

मी माझ्या गाडीकडे जाऊन थैली आणली. तोवर त्याने टेप चालतो हे दाखवायला बटणाकडे हात नेला होता. मी खिडकीतून त्याचं मनगट धरलं. तो दचकला.

"थांबा," मी म्हणालो. "आधी ही घ्या."

त्याने थैली उघडली, तुकडा काढला, उलटा करून पत्र्याच्या जिभा पाहिल्या. लगेच पुठ्ठा फाडला. तुकडा जागेवर ठेवून अंगठ्याने दाबला. टक्क असा आवाज झाला. वर उरलेल्या लांबट खिडकीत बाईंनी मांडीवरचा टेप सरकवला. तो बसला. डॅशबोर्डवर एक रेघ राहिली, पाहिली तर दिसणारी.

"कुणी बनवलं हे?"

"ज्यांनी कापलं त्यांनीच."

"मग कापलं कशाला?"

मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते. रस्ता मोकळा करणारा हवालदार हात हलवत आमच्याकडे येत होता. एवढ्यात सगळं सांगणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, ते केजचे होते.

त्याने बटणावर बोट ठेवलं. "कुठलं गाणं लावू? सांगा, तुमचा मान."

"बातम्या लावा," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रेडिओ शोधला. दोघांनी माना मागे उशीला टेकवल्या. ती गाडी कानात बोलते. मी दाराला हात लावून बाहेर उभा होतो. मला काहीही ऐकू आलं नाही. बाईंनी डोळे मिटले होते आणि त्या हळूहळू मान हलवत होत्या, एकेक शब्द कळत असल्यासारख्या.